कृषिपर्यटन, इटलीतील

शेतकऱ्याने आपली शेती चालू ठेवून तिच्याच आधारे पर्यटकांच्या निवासाची, भोजनाची व मनोरंजनाची सोय करण्याचा पूरक व्यवसाय. इटालियन भाषेत त्यास ‘आग्रितुरिस्मो’ म्हणतात. शेतीचे उत्पन्न अपुरे पडत असतानाही शेतकरी कुटुंबाने जमिनीवर टिकून राहावे, हा त्याचा मूळ हेतू होय. इतर ग्रामीण पर्यटनाहून त्याचे वेगळेपण असे, की तो शेतकऱ्यालाच करता येतो. शेती सोडल्यास हा व्यवसाय करण्याचा हक्कही उरत नाही.

पार्श्वभूमी : दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीचे औद्योगिकीकरण वेगाने झाले. १९५१ मध्ये देशातील सु. दोन-पंचमांश कामकरी लोक शेतीवर अवलंबून होते. १९७१ पर्यंत हे प्रमाण एक-पंचमांशाहूनही खाली आले. टस्कनी, अंब्रिया व मार्के या मध्य इटलीतील प्रदेशांत ‘मेत्झाद्रिया’ ही अर्धेलीची कूळपद्धती शतकानुशतके रूढ होती. कुळाचे सर्व कुटुंब मालकाच्या शेतघरात राही व सु. निम्मे उत्पन्न मालकास देई. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार करण्यास बंदी घातली, तर १९८२ च्या कायद्याने उरलेल्या करारांचे खंडाच्या करारांत रूपांतर करण्याची तरतूद केली. तत्पूर्वीच असंख्य कुटुंबे शहरांकडे गेली होती. त्यांची दगडी घरे ओस पडली आणि डोंगरउतारावरील ताली व बांध ढासळू लागले.

संघटना व कायदे : मोठ्या शेतमालकांचे प्राबल्य असलेल्या ‘कॉनफाग्रिकोल्तुरा’ या संघटनेच्या पुढाकाराने १९६५ मध्ये ‘आग्रितुरिस्त’ ही संस्था स्थापन झाली. लहान शेतकऱ्यांच्या ‘कोल्दिरेत्ती’ संघटनेने १९७३ मध्ये ‘तेर्रानोस्त्रा’ ही संस्था काढली. यूरोपीय आर्थिक समुदायाच्या १९७५ च्या निदेशानुसार डोंगराळ व प्रतिकूल भागांतील शेतकऱ्यांना पर्यटनविषयक गुंतवणुकीसाठीही साहाय्य मिळू लागले.

५ डिसेंबर १९८५ रोजी संमत झालेल्या ७३० क्रमांकाच्या कायद्याने या व्यवसायास राष्ट्रीय पातळीवर निश्चित स्वरूप दिले. पर्यटनाचा शेतीशी संबंध असावा, ते शेतीस पूरक असावे आणि शेती हाच मुख्य व्यवसाय राहावा, ही त्याची मूलतत्त्वे होत. निवासासाठी शेतावरील विद्यमान इमारती वापराव्यात व भोजनात मुख्यत्वे स्वतःच्या शेतातील पदार्थ असावेत, असेही बंधन होते. २००६ च्या ९६ क्रमांकाच्या कायद्याने जुन्या कायद्याची जागा घेतली. मात्र शेतीच्या प्राधान्याचे तत्त्व कायम राहिले. ते ठरविताना शेतीस व पर्यटनास लागणाऱ्या श्रमकालाची तुलना हा प्रमुख निकष मानण्यात आला. शेती व पर्यटन हे विषय प्रादेशिक शासनांच्या अधिकारात येत असल्यामुळे या कायद्यातील काही तरतुदी संविधान न्यायालयाने २००७ मध्ये अवैध ठरविल्या. प्रत्यक्ष नियम प्रदेशागणिक भिन्न आहेत.

परिणाम : २०२० नंतरच्या काळात अशा शेतांची संख्या २५ हजारांवर गेली. त्यांपैकी सु. एक-तृतीयांश शेते स्त्रिया चालवितात. टस्कनी प्रदेश व बोल्झानो प्रांत यांत त्यांची संख्या सर्वाधिक आहे. पडीक घरांची दुरुस्ती झाली आणि मद्य, ऑलिव्ह तेल व चीज यांची दलालाविना शेतावरच विक्री होऊ लागली. बोल्झानोतील लहान पशुपालकांना दुधाच्या उत्पन्नास जोड मिळाली.

तथापि या लाभाची वाटणी सम नाही. घरांची दुरुस्ती करण्यास भांडवल लागते व इमारतींवर मालकी असावी लागते. टस्कनीतील बहुतेक शेतघरे मालकांची होती, कुळांची नव्हेत. त्यामुळे ज्या घरांतून कुळे निघून गेली, त्यांच्या पुनरुज्जीवनाचा लाभ पुष्कळदा त्या कुटुंबांना मिळाला नाही. दक्षिणेकडील अंतर्भागात प्रवासी कमी येतात. २०२० मधील कोविड साथीत परदेशी प्रवाशांचा ओघ आटला आणि पाहुण्यांवर विसंबण्यातील धोकाही स्पष्ट झाला. अशा वेळी ज्यांची शेती खऱ्या अर्थाने चालू होती, त्यांना उत्पन्नाचा दुसरा आधार उरला. शेती मुख्य राहावी, या कायद्यातील अटीचे आर्थिक महत्त्व यावरून लक्षात येते.