इटलीच्या बाजारांतील परका पास्ता

उत्तर इटलींत आल्प्स पर्वताच्या कुशींत बोल्झानो नांवाचें शहर आहे. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे आलेल्या या प्रांतांत जर्मन बोलणारांची वस्ती आजहि मोठी आहे. तेव्हां तेथील एखाद्या दुकानांत जर्मनींत तयार झालेल्या सुक्या पास्त्याचीं पाकिटें विक्रीस असावीं, यांत नवल नाहीं. परंतु १९८० नंतरच्या दशकांत अशाच पाकिटांवरून तेथील सरकारी आरोग्यखात्यानें दुकानदारास व माल पाठविणाऱ्या ‘ड्राय ग्लॉकन’ या जर्मन कारखान्यास दंड ठोठावला. तक्रार माल कुजका असल्याची नव्हती, वजनांत कमी भरल्याचीहि नव्हती. त्या पास्त्याचा अपराध एवढाच कीं, तो दोन जातींच्या गव्हांच्या मिश्रणाचा होता.

एका पाकिटावरून एवढें प्रकरण कां व्हावें, हें कळण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्या आश्रयास असलेल्या अल्-इद्रीसी या अरब भूगोलवेत्त्यानें ११५४ सालीं आपला ग्रंथ पुरा केला. पालेर्मोजवळच्या त्राबिया गांवाविषयीं तो लिहितो कीं, तेथें वाहत्या पाण्यावर गिरण्या चालतात, ‘इत्रिया’ नांवाचा शेवयांसारखा पदार्थ विपुल होतो, आणि तो गलबतें भरून कालाब्रियांत, तसाच मुसलमानी व ख्रिस्ती मुलखांत जातो. म्हणजे इटलीच्या इतिहासांत हा पदार्थ प्रथम ठळकपणें दिसतो तोच मुळीं निर्यातीचा माल म्हणून! जिनोआ येथील १२७९ च्या एका दस्तऐवजांत, एका शिपायाच्या मालमत्तेच्या यादींत, मॅकरोनीनें भरलेली एक करंडी नोंदलेली आहे. मार्को पोलो परत आला तो १२९५ सालीं. तेव्हां पास्ता त्यानें चीनहून आणला, ही कथा शाळेंतील मुलांना सांगण्याच्याहि योग्यतेची नाहीं.

पास्ता दूरदेशीं जाऊं शकतो तो सुकलेला असल्यामुळें, आणि तो नीट सुकविणें हेंच खरें कसब. वरचा थर आधीं वाळला तर आंतील ओल कोंडून कांडी तडकते. फार सावकाश वाळविलें तर पीठ आंबतें. नेपल्सजवळील ग्रान्यानो गांवाला डोंगराचा व समुद्राचा असा दोन्हीकडचा वारा लाभतो. तेथें भर रस्त्यावर काठ्यांवर पास्त्याच्या लडी टांगून वाळवीत, आणि त्यावरच त्या गांवाची कीर्ति वाढली. पण वाऱ्याइतकाच गहूंहि महत्त्वाचा. मऊ गव्हाचें पांढरें, बारीक पीठ होतें. त्याचा पाव उत्तम. कठीण गहूं, ज्याला तिकडे दुरुम म्हणतात, त्याचा दाणा पिंगट व कांचेसारखा असतो आणि दळला असतां पिवळसर रवा पडतो. आपल्याकडील बन्सी गहूं याच कुळांतला. या रव्याचा पास्ता उकळत्या पाण्यांत आकार टिकवून धरतो, त्याचा लगदा होत नाहीं. असा गहूं दक्षिण इटलींत व सिसिलींत पिकतो. तथापि चांगल्या कारखानदारांचा भर अॅझोव्ह समुद्रावरील तागानरोग बंदरांतून येणाऱ्या रशियन गव्हावर होता. पहिलें महायुद्ध व १९१७ ची राज्यक्रांति यांनीं ती आवक तोडली. गहूं रशियाचा आणि नांव नेपल्सचें, असा हा व्यवहार होता, हें पुढें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

उत्तरेकडील गिऱ्हाईक या पदार्थाबाबत बरेंच अजाण होतें. अठराव्या शतकांत इटलीचा प्रवास करून आलेल्या नटव्या इंग्रज तरुणांना लोक चेष्टेनें ‘मॅकरोनी’ म्हणत. १ एप्रिल १९५७ रोजीं तर बी. बी. सी. नें दूरचित्रवाणीवर, दक्षिण स्वित्झर्लंडमध्यें बायका झाडांवरून स्पॅगेटी तोडीत आहेत असें चित्र गंभीरपणें दाखविलें, तेव्हां तें झाड कसें लावावें अशी चौकशी करणारेहि निघाले!

इटलींत मात्र हा थट्टेचा विषय नव्हता. मऊ गहूं स्वस्त. तो मिसळला तर नफा वाढतो, आणि खाणाराला तें शिजवीपर्यंत कळत नाहीं. म्हणून ४ जुलै १९६७ च्या ५८० क्रमांकाच्या कायद्यानें सुका पास्ता केवळ दुरुम गव्हाचाच विकावा असें ठरविण्यांत आलें. यांत गिऱ्हाइकाचें हित होतें, तसेंच दुरुम पिकविणाऱ्या गरीब दक्षिणेच्या शेतकऱ्याचेंहि होतें. परंतु इटलीनें १९५७ सालीं रोमच्या तहावर सही करून सामाईक बाजारपेठ पत्करली होती. एका देशांत रीतसर विकला जाणारा माल दुसऱ्यानें सबळ कारणावांचून अडवूं नये, असें लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयानें १९७९ सालीं एका फ्रेंच मद्याच्या खटल्यांत स्पष्ट केलें होतें. मार्च १९८७ मध्यें त्याच तत्त्वावर जर्मनी हरली. १५१६ च्या बव्हेरियन आज्ञेपर्यंत मूळ पोंचणारा आपला बिअर-शुद्धतेचा नियम तिनें परक्या बिअरवर लादला होता.

बोल्झानोच्या न्यायाधिशानें आपला प्रश्न १९८५ सालीं याच न्यायालयाकडे पाठविला होता. निकाल १४ जुलै १९८८ रोजीं लागला. इटलीचें म्हणणें असें कीं, ‘पास्ता’ म्हटलें कीं इटालियन माणूस दुरुमच समजतो. शिवाय खाणावळींत पाकीट कोण पाहतो? न्यायालयानें उत्तर दिलें कीं, घटक छापण्याची सक्ति करा, ‘दुरुम रव्याचा पास्ता’ हें नांव शुद्ध मालासाठीं राखून ठेवा, खाणावळींतहि गिऱ्हाइकास माहिती देतां येईल. पण परदेशी माल वेशीवर अडवूं नका. शेतकऱ्याची भीति न्यायालयानें मान्य केली नाहीं. चांगल्या मालाला मागणी राहीलच, असें त्याचें मत पडलें. ज्यांचें पोट त्या एका पिकावर, त्यांना हा धीर कितपत पुरला असेल, हा प्रश्नच आहे.

निकालाचा एक विचित्र परिणाम झाला. बंदी उठली ती आयात मालावरची. इटालियन कारखानदारास देशांत विकण्यासाठीं सुका पास्ता दुरुमचाच करावा लागे, आणि शेजाऱ्यास मिश्रण पाठविण्याची मुभा! २००१ च्या नियमांनींहि हा भेद ठेवला. मात्र बाहेरून येणाऱ्या पाकिटावर ‘मऊ गव्हाच्या पिठाचा पास्ता’, किंवा मिश्रण असल्यास ज्याचें प्रमाण अधिक त्या गव्हाचें नांव आधीं, असें लिहिण्याचें बंधन घातलें. एवढें झाल्यावर परक्या मिश्रणानें इटालियन स्वयंपाकघर बुडविलें काय? तसें घडलें नाहीं. नांव वाचून गिऱ्हाइकानें दुरुमच उचलला.

दक्षिणेच्या शेतकऱ्याची तक्रार पुढें निराळ्याच बाजूनें वर आली. इटालियन गिरण्यांस लागणारा बराच दुरुम गहूं कॅनडासारख्या देशांतून येई. पाकीट शुद्ध दुरुमचें, कारखाना इटलींतला, आणि गहूं सातासमुद्रांपलीकडचा. २०१७ च्या हुकुमानें गहूं कोणत्या देशांत पिकला व कोठें दळला, हें छापणें सक्तीचें झालें. तेव्हां अस्सल इटालियन म्हणून वर्षानुवर्षें घेतलेल्या कित्येक पाकिटांवर ‘युरोपीय संघाबाहेरील देश’ हे शब्द लोकांना प्रथमच वाचावयास मिळाले.