इको, ओम्नी, जुनी होंडा सिटी: हात पोहोचत नाही अशा इंजिनाचे स्पार्क प्लग घरी बदलता येतात का?

सकाळी शाळांच्या वेळेला डोंबिवलीत किंवा ठाण्यात रस्त्यावर उभे राहा, एमएच-०५ आणि एमएच-०४ नंबरच्या मारुती इको एकामागोमाग एक दिसतील. या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. २०१९ मध्ये बंद झालेल्या ओम्नीचंही तिथेच होतं. त्यामुळे प्लग बदलायचा तर आधी सीट उचला, खालचं झाकण काढा आणि मग अरुंद जागेत हात घाला.

मग गॅरेजलाच का देऊ नये?

देऊ शकता. पण काम मुळात सोपं आहे. साधा प्लग एक-दोनशे रुपयांत मिळतो. महाग पडते ती चूक, कारण प्लग ज्यात बसतो ते सिलेंडर हेड अॅल्युमिनियमचं असतं. प्लग तिरका घुसला की आटे जातात आणि दोनशे रुपयांचं काम हजारोंवर जातं. अवघड जागेत हा धोका वाढतो, कारण प्लग सरळ बसतोय की नाही ते डोळ्यांना दिसत नाही.

कधी बदलायचे?

साधे निकेल प्लग साधारण ३० ते ४० हजार किलोमीटर चालतात, इरिडियमचे १ लाखापर्यंत. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या सीएनजीवर आहेत. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे प्लगवर ताण येतो आणि ते लवकर बदलावे लागतात. गायमुख घाट चढताना गाडी धक्के खात असेल, मिसिंग करत असेल, तर आधी प्लग बघा. मिसिंग अंगावर काढू नका: न जळलेलं इंधन सायलेन्सरकडे जातं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं. त्याच्या किमतीत प्लगचे कित्येक सेट येतील.

काम कसं करायचं?

इंजिन पूर्ण थंड हवं. सीटखालच्या बंद जागेत उष्णता बराच वेळ टिकते, त्यामुळे रात्री गाडी लावून सकाळी काम करणं उत्तम. गरम हेडमधून प्लग काढताना आटे खरवडले जातात. इकोत इंजिन केबिनमध्येच उघडतं, म्हणून सगळे दरवाजे उघडे ठेवा. सीएनजी असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा आणि गॅसच्या कुठल्याही नळीला हात लावू नका. नळी हलवल्याशिवाय जमत नसेल, तर ते काम अधिकृत सीएनजी वर्कशॉपचं.

एका वेळी एकच प्लग काढायचा, म्हणजे कॉइल किंवा वायरींची अदलाबदल होत नाही. काढण्याआधी भोवतीची धूळ सायकलच्या पंपाने उडवा, नाहीतर ती थेट सिलेंडरमध्ये पडते. आतून रबर असलेली प्लगची गोटी आणि लांब एक्स्टेंशन घ्या. साध्या गोटीतून प्लग निसटतो.

आता सगळ्यात उपयोगी युक्ती. नव्या प्लगच्या वरच्या टोकावर वीतभर रबरी नळी घट्ट बसवा आणि ती नळीच बोटांनी फिरवत प्लग आत न्या. प्लग तिरका लागला तर नळी घसरते, आटे वाचतात. पान्याने सुरुवात केलीत तर जोर लागतो आणि काय बिघडलं ते कळेपर्यंत उशीर होतो.

हाताने पूर्ण बसल्यावरच पाना. १४ मिमी आट्यांच्या, वॉशरवाल्या नव्या प्लगसाठी एनजीके कंपनी अर्धा ते दोन तृतीयांश फेरा सांगते, टॉर्क पान्यावर २५ ते ३० न्यूटन-मीटर. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. आट्यांना ग्रीस लावायचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याने प्लग नकळत जास्त आवळला जातो.

जुने प्लग लगेच फेकू नका. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ठीक. काळं आणि तेलकट असेल, तर आत ऑइल जळतंय आणि नवा प्लगही तसाच होणार.

सिटीचं गणित वेगळं

भारतात २००३ मध्ये आलेल्या होंडा सिटीच्या आय-डीएसआय इंजिनाला चार सिलेंडर, पण प्लग आठ. पुढचे चार समोरच दिसतात. मागचे चार काचेखालच्या भिंतीकडे दडलेले असतात आणि तिथे पोहोचायला वायपर व त्याखालचं प्लास्टिकचं कव्हर काढावं लागतं. म्हणूनच फक्त पुढचे चार बदलून गाडी परत देण्याचे प्रकार घडतात. गॅरेजमध्ये देणार असाल तर जुने आठही प्लग परत मागा.

घरी करताना एखादा प्लग थोडा फिरून अडकला, तर जोर लावू नका. पुन्हा थोडा आत फिरवा, आट्यांवर पेनिट्रेटिंग ऑइलचे दोन-चार थेंब सोडा, तासभर थांबा आणि पुढे-मागे करत काढा. तरीही हलत नसेल तर तिथेच थांबा आणि मेकॅनिकला बोलवा. तुटलेला प्लग काढण्याचा खर्च त्याच्या व्हिजिटपेक्षा बराच जास्त येतो.