दात, दाता आणि पटाशी

शरीराच्या अवयवावरून अवजाराच्या भागास नाव मिळणे हे सर्वच भाषांत आढळते. मराठीने असे नाव देताना शब्दाचे रूपही किंचित बदलले, हे विशेष होय. तोंडातील तो दात. करवतीचा, फणीचा, दंताळ्याचा तो दाता. पहिल्याचे अनेकवचन दात असेच राहते, दुसऱ्याचे दाते होते.

वडगाव रासाईसारख्या भीमाकाठच्या ऊसपट्ट्यातील बैलांच्या लोखंडी चरकाचे उदाहरण घ्यावे. त्याच्या लाटांवर एकमेकांत गुंतणारी दातेरी चाके असत. एका चाकाचा दाता दुसऱ्याच्या दात्यास रेटी आणि शेजारच्या लाटा परस्परविरुद्ध दिशांनी फिरत. चावणे हे दाताचे मूळ काम येथे उरलेले नाही. उरली ती केवळ आकृती. नव्या परिभाषेने चाकास ‘दंतचक्र’ म्हटले. त्यामुळे दंतवैद्य व दंतचक्र एकाच पंक्तीस बसले आणि बोलीने राखलेला भेद पुसला गेला.

दोन्ही शब्द संस्कृत ‘दन्त’पासून आलेले. पूर्वी ते दांत, दांता असे लिहीत. १९६२च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेला आणि करवतीचा दाता व दान देणारा दाता (मूळ ‘दातृ’) लेखनात एकरूप झाले. महाराष्ट्र शब्दकोशाच्या (१९३२–३८) एका संपादकांचे आडनाव दाते होते, हा आपला योगायोग.

उलट दिशेची देवघेव अधिक उद्बोधक आहे. पुढील आठ दातांस मराठी माणूस ‘पटाशीचे दात’ म्हणतो. पटाशी हे सुताराचे हत्यार; तिची धार एकाच बाजूने उतरती असते. या दातांची घडणही तशीच: ओठाकडील बाजू बरीचशी सपाट, जिभेकडील उतरती. उंदराच्या दातात तर पुढील बाजूसच कठीण लुकण असल्याने मागील भाग लवकर झिजतो व धार आपोआप टिकते. ‘कृंतक’ या पारिभाषिक शब्दात कापण्याची क्रिया आहे, पण कापणाऱ्या धारेचा आकार नाही. म्हणून अन्य भारतीय भाषांशी व्यवहार करताना कृंतक खुशाल वापरावा. मराठीतून शिकविताना आणि रुग्णाशी बोलताना पटाशीच अधिक शास्त्रीय ठरते, असे आमचे मत आहे.

दाढेचे नाव मात्र सुताराच्या पेटीतून आलेले नाही. ते संस्कृत ‘दंष्ट्रा’पासून आले, आणि दंष्ट्रा म्हणजे मुळात सुळा.