गुडघ्याचा कृत्रिम सांधा व बंधरक्षण

गुडघ्याची झिजलेली संधिपृष्ठे काढून त्यांच्या जागी धातू व प्लॅस्टिक यांची पृष्ठे बसविताना सांध्याचे मूळ बंध किती राखावयाचे, हा या शस्त्रक्रियेच्या इतिहासातील जुना वाद आहे. हाडाला हाडाशी बांधणाऱ्या चिवट तंतुमय पट्ट्यांना बंध म्हणतात. गुडघ्याच्या दोन्ही बाजूंस पार्श्वबंध असतात, तर सांध्याच्या आत फुलीप्रमाणे एकमेकांस छेदणारे अग्र व पश्च असे दोन स्वस्तिक बंध असतात. गुडघा मिटताना पश्च बंधामुळे मांडीचे हाड नडगीच्या हाडावर मागे सरकते व म्हणूनच तो पुरता मिटतो.

बर्लिन येथे थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी १८९० च्या सुमारास हस्तिदंती बिजागरीचा गुडघा बसविला. संसर्गामुळे तो प्रयोग फसला. १९५१ मध्ये वाल्डियुस यांनीही बिजागरीच वापरली. बिजागरीत स्वस्तिक बंधांना जागाच नसते. सांधा एकाच आसाभोवती फिरतो, पिळाचा सारा ताण हाडातील रोपणावर येतो आणि ते सैल पडते.

कॅनडाचे फ्रँक गन्स्टन यांनी १९६८ मध्ये इंग्लंडमधील रायटिंग्टन येथे पोलादी धावपट्ट्या पॉलिएथिलिनाच्या खाचांत बसविल्या व सर्व बंध राखले. खरी क्रांती ही होय. मात्र रोगाने आखडलेले बंध राखल्यास पायाचा वाकडेपणा सुधारत नाही, असे लंडनच्या मायकेल फ्रीमन यांचे मत होते. न्यूयॉर्क येथे इन्सॉल, वॉकर व मूळचे भारतीय चित्तरंजन राणावत यांनी १९७४ मध्ये वापरात आणलेल्या सांध्यात दोन्ही स्वस्तिक बंध कापले जात. हा सांधा टिकाऊ ठरला, परंतु तो जेमतेम काटकोनात मिटे. १९७८ मध्ये इन्सॉल व बर्स्टाइन यांनी नडगीकडील भागावर उंचवटा व मांडीकडील भागात त्याला अडणारा दांडा योजून पश्च बंधाचे काम यंत्राकडे सोपविले. पश्च बंध राखणारे सांधेही वापरात राहिले. दोहोंच्या तुलनेत रुग्णाच्या दृष्टीने फारसा फरक आढळलेला नाही. दोन्ही स्वस्तिक बंध राखणारे पूर्ण सांधे मात्र विरळाच.

राणावत यांनी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या व जून २००१ मध्ये उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया केली. त्यामुळे ही शस्त्रक्रिया घरोघरी माहीत झाली. पण आपल्याकडे अडचण निराळी आहे. येथे माणूस मांडी घालून जेवतो, आणि नागपूरकडील निंदणाचे काम उकिडवे बसूनच होते. पुण्याचे कांतिलाल संचेती यांनी भारतीयांच्या लहान हाडांना जुळणारा व अधिक मिटणारा ‘इंडस’ सांधा तयार केला. त्याचे दोन वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. अधिक मिटण्यासाठी घडविलेल्या या सांध्यातही पश्च बंध राखलेला नाही. त्याची जागा उंचवट्यानेच घेतली आहे. असे असूनही, कृत्रिम गुडघा कोणत्याही प्रकारचा असला तरी बहुतेक शल्यचिकित्सक रुग्णास उकिडवे न बसण्याचाच सल्ला देतात.