टायर सीलंट

टायर सीलंट हा टायरला पडलेले छिद्र आतून बुजवणारा दाट द्रव पदार्थ आहे. मोटारी, मोटारहोम आणि कॅरव्हान यांच्या टायरांमध्ये तो वापरला जातो.

कार्यपद्धती
पंक्चर होण्यापूर्वीच भरावयाच्या सीलंटमध्ये सामान्यतः ग्लायकॉल, तंतू व रबराचे बारीक कण असतात. तो वॉल्व्हमधून टायरमध्ये सोडतात. चाक फिरू लागले की तो आतील पृष्ठभागावर पसरतो. खिळ्याने छिद्र पडल्यास बाहेर जाणाऱ्या हवेबरोबर सीलंट छिद्रात शिरतो. तंतू व कण अडकून तेथे बूच तयार होते. पंक्चरनंतर वापरावयाच्या आपत्कालीन संचात बहुधा लॅटेक्सयुक्त सीलंट व हवेचा पंप असतो. ही दुरुस्ती तात्पुरती असते.

उपयोग
अनेक मोटारहोममध्ये स्टेपनी नसते. कॅरव्हानच्या टायरमधील हवा गेल्याचे ओढणाऱ्या गाडीच्या चालकाला लगेच कळतेच असे नाही. भारतात २०२० मधील नियमदुरुस्तीनुसार ट्यूबलेस टायर, टायरदाब दर्शवणारी यंत्रणा व सीलंटसह दुरुस्ती संच असलेल्या मोटारींना स्टेपनी सक्तीची राहिली नाही.

मर्यादा
सीलंटने रस्त्याला टेकणाऱ्या भागातील लहान, साधारणतः ६ मिलिमीटरपर्यंतची छिद्रे बुजतात; टायरच्या बाजूला पडलेली चीर बुजत नाही. अतिभार, हवेचा अपुरा दाब किंवा जुने झालेले रबर यांवर तो उपाय नव्हे. मोटारहोम व कॅरव्हान दीर्घकाळ उभ्या राहत असल्याने त्यांचे टायर झिजण्याआधीच वयोमानाने भेगाळू शकतात. शिवाय हवा न गेल्यामुळे रुतलेला खिळा व टायरची अंतर्गत हानी लक्षात येत नाही. त्यामुळे सीलंट भरलेल्या टायरांचीही नियमित तपासणी आवश्यक ठरते.