कडबा

ज्वारीची कणसे खुडून घेतल्यावर उरणारी वाळलेली ताटे. दख्खनच्या अवर्षणप्रवण पठारावरील गुरांच्या वैरणीचा मुख्य आधार. जेथे बागायत जमीन थोडी, गायराने आक्रसलेली आणि पाऊस बेभरवशाचा, तेथे कुटुंबाचे धान्य व खिलार बैलांचा चारा एकाच पिकातून निघावा, या निकडीमुळे सोलापूर, बीड या जिल्ह्यांतील शेतकरी रब्बी ज्वारीची पारख दाण्याइतकीच ताटावरून करीत आला; मोहोळ येथे निवडपद्धतीने सिद्ध झालेल्या मालदांडी ३५-१ या वाणाची दीर्घ लोकप्रियता त्याचीच साक्ष होय. पेंढ्या बांधून गंजी रचतात. कडब्यात प्रथिने अल्प, सामान्यतः शेकडा ३ ते ५. म्हणून बांधावर शेवरी, सुबाभूळ वा दशरथ घास लावून त्यांचा हिरवा पाला जोडीला देणे अगत्याचे, कारण नुसत्या कडब्यावर पोट भरते, दूध टिकत नाही. अखंड ताटांचे जाड बुडखे जनावरे गव्हाणीतच टाकून देतात. ताटांचे बारीक तुकडे, म्हणजे कुट्टी, केल्यास ही नासाडी पुष्कळ घटते, आणि आणेवारी (पीक-उताऱ्याचा सरकारी अंदाज) घसरलेल्या साली एवढा लाभही निर्णायक ठरतो. पाण्याअभावी खुरटलेली कोवळी ज्वारी मात्र हिरवी चारू नये : तिच्यापासून जनावराच्या पोटात हायड्रोसायनिक आम्लाचे विष सुटते व धडधाकट बैलही अल्पावधीत दगावतो.