सागाची फुलदाणी आणि पितळेची पट्टी

जुन्या लाकडातून कातलेली एक फुलदाणी हा इतिहासाच्या लेखाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न कोणी विचारील. आपल्याकडे ताम्रपट विषय होतो, शिलालेख होतो, एखाद्या सरदाराची तलवार तर हमखास होते. या तिन्हींवर कोणाचे ना कोणाचे नाव कोरलेले असते. नाव असले की इतिहास सुरू होतो, अशी आपल्या विद्यापीठांची एक अलिखित समजूत आहे. ज्यांची नावे कोठेच कोरली गेली नाहीत अशा समाजातून आलेल्या माझ्यासारख्या पहिल्या पिढीच्या पदवीधराला ही समजूत सुखासुखी मान्य करता येत नाही.

ज्या फुलदाणीविषयी लिहितो आहे ती मी एका परिचितांच्या दिवाणखान्यात पाहिली. दीड वीत उंच, पोटात फुगीर, गळ्याशी निमुळती. लाकूड साग, रंग जुन्या गुळासारखा. एका बाजूला खिळ्याचे भोक सागाच्याच गुटक्याने बुजविलेले आणि त्याभोवती लोखंडाच्या गंजाचा काळा डाग. अशा मोडीच्या लाकडावर काम करणारा कारागीर आधी खिळे शोधतो. एक जरी आत राहिला तरी लेथवर फिरत्या लाकडाशी पटाशीची धार जाते, प्रसंगी हातही जातो. तिच्यात पाणी घालीत नाहीत. लाकूड फुगते, तडकते. म्हणजे फुलदाणी असून ती ताज्या फुलांसाठी नाहीच. ती आहे बुडाशी ठोकलेल्या पितळी पट्टीसाठी. त्या पट्टीवर लिहिले आहे की हा साग ब्रिटिश आरमाराच्या ‘गँजेस’ या युद्धनौकेचा आहे.

‘गँजेस’ म्हणजे आपली गंगा. हे ८४ तोफांचे जहाज १८२१ मध्ये मुंबईच्या गोदीत पाण्यात उतरले. पुढे ते पॅसिफिकमधील ब्रिटिश आरमाराचे ध्वजनौका झाले, म्हातारपणी नाविक पोरांची शाळा झाले आणि १९३० मध्ये इंग्लंडात प्लिमथ येथे मोडले गेले. शंभरावर वर्षे खाऱ्या पाण्यात काढूनही त्याचा साग लेथवर चढण्याइतका निरोगी होता. इंग्लंडच्या ओक लाकडातील आम्ल लोखंडी खिळे खाते. सागाचे तेल उलट त्यांना जपते. नेपोलियनशी चाललेल्या लढायांत इंग्लंडला ओक कमी पडू लागला आणि लंडनच्या आरमारखात्याला मुंबईची आठवण झाली. मुंबईत पहिली कोरडी गोदी १७५० मध्येच बांधून झाली होती. सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांचे घराणे तेथे जहाजे बांधीत होते. १८१० मध्ये ‘मिंडेन’, १८१३ मध्ये ‘कॉर्नवॉलिस’, १८१७ मध्ये ‘त्रिंकोमाली’ अशी जहाजे त्यांनी आरमाराला दिली. १८४२ मध्ये अफूच्या युद्धात हरलेल्या चीनने नानकिंगच्या तहावर सही केली ती याच ‘कॉर्नवॉलिस’वर. मुंबईचा साग कोणकोणत्या पापांना टेकू झाला त्याचा हिशेब एकदा मांडायला हवा; येथे तो लांबवीत नाही.

मोडलेल्या जहाजांच्या लाकडापासून आठवणीच्या वस्तू करून विकणे हा इंग्लंडात चांगला चालणारा धंदा होता. ब्लाइथ बंदरातील ह्यूज बोल्को ही जहाजे मोडणारी कंपनी युद्धनौकांच्या सागाची बाके, खुर्च्या आणि लहानसहान वस्तू विकीत असे. नेल्सनचे ‘फूद्रॉयां’ हे जहाज १८९७ मध्ये ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर फुटले, तेव्हा त्याच्या लाकडातांब्याच्या वस्तू हजारोंनी घरोघर गेल्या. त्याच वर्षी मुंबईचे ‘त्रिंकोमाली’ मोडीत निघाले होते. फुटलेल्या जहाजाच्या मालकाने ते घेतले आणि त्याला आपल्या बुडालेल्या जहाजाचे नाव दिले! १९९२ पर्यंत ते परक्या नावाने वावरले. आज ते हार्टलपूल येथे आपल्या मूळ नावाने जपून ठेवलेले आहे. लाकडालासुद्धा नाव परत मिळते, फक्त ते विकत घेणारा कोणी असावा लागतो.

माझे परिचित मोठ्या अभिमानाने म्हणाले, “पाहा सर, आपल्या माणसांनी बांधलेलं जहाज.” त्यांच्या या ‘आपल्या’ शब्दापाशी मी थांबलो. कारण ‘आपली माणसे’ हा शब्द आपल्या देशात फार सैलपणे वापरला जातो.

राधाकुमुद मुखर्जी यांचा भारतीय नौकानयनावरील ग्रंथ १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पारतंत्र्यात, हिंदी माणसाला समुद्र ठाऊक नाही असे साहेब म्हणत असताना, तो ग्रंथ लिहिणे हे मोठेच काम होते. ते मी कमी लेखत नाही. परंतु त्या परंपरेत वाढलेल्या आपल्या राष्ट्रीय इतिहासाने जहाजे मोजली, तोफा मोजल्या, बांधणाऱ्या घराण्यांची वंशावळ मांडली आणि तेथे लेखणी खाली ठेवली. साहेबाची पट्टी काढून आपली पट्टी ठोकली, एवढाच फरक.

वाडियांनाही अपमान चुकला नव्हता. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्याविषयी एक गोष्ट सांगितली जाते. १८०० साली त्यांनी कंपनीसाठी ‘कॉर्नवॉलिस’ नावाचेच एक आधीचे जहाज बांधले. त्याच्या तळातील आतल्या तुळईवर, कोणाच्या नजरेस पडणार नाही अशा जागी, हे जहाज एका काळ्या माणसाने बांधले आहे अशा अर्थाचे शब्द त्यांनी साहेबाच्याच शिवीसह कोरून ठेवले. वर्षांनी जहाज दुरुस्तीला आले तेव्हा ते सापडले म्हणतात. कंपनीने वाडियांना चांदीच्या मापपट्ट्या बहाल केल्या होत्या. तरीही त्या मानकऱ्याला आपली खरी पट्टी जहाजाच्या पोटात लपवावी लागली. ही गोष्ट मला फार जवळची वाटते. पण ती येथेच संपवली तर आपणही तीच लबाडी करू. ज्या तुळईवर ते शब्द कोरले गेले ती तुळई कोणी कापली?

त्या काळी ओंडका खड्ड्यावर आडवा टाकून मोठ्या करवतीने चिरीत. एक माणूस वर उभा, एक खड्ड्यात. वरचा रेघ पाहून करवत चालवी. खालच्याच्या डोळ्यांत, नाकात, घामात भुसा पडे. एकाच करवतीची दोन टोके, पण एक टोक उजेडात आणि एक खड्ड्यात. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये सांगितले. त्याआधी १९२८ च्या गिरणी संपात त्यांनी विचारले होते की अस्पृश्य कामगाराला विणाई खात्यात का घेत नाहीत. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे आणि तो विटाळ सवर्ण कामगाराला चालत नसे. म्हणजे हत्यार कोणाच्या हाती द्यायचे, हे कौशल्य ठरवीत नव्हते, जन्म ठरवीत होता.

आणखी खाली जाऊ या. मुंबईच्या गोदीत येणारा साग मुख्यतः मलबारच्या जंगलातला. हत्तींनी ओढून तो नदीपर्यंत आणायचा, पावसाळ्यात पाण्यावर सोडायचा आणि किनाऱ्यावरून गलबतांनी उत्तरेकडे न्यायचा. या सागासाठी कंपनीने १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन यांना मलबारचे वनरक्षक नेमले. त्यांनी सागावर सरकारी मक्ता बसवला. जमीनमालक व शेतकरी इतके गांजले की १८२३ मध्ये ते पद रद्द करावे लागले. साग मात्र लागतच होता, म्हणून १८४० च्या दशकात निलांबूर येथे कलेक्टर कॉनोली यांनी सागाची लागवड सुरू केली. तिला आजही कॉनोलींचे नाव आहे. प्रत्यक्ष लागवड उभी करणारे चातू मेनन यांचे नावही आता घेतात. रोपे लावणाऱ्या हातांचे नाव कोणी घेत नाही. आणि ज्या मलबारातून हा साग येत होता, तेथे पुलया, चेरुमा या जातींची माणसे जमिनीबरोबर विकली जात, गहाण पडत. १८४३ च्या कायद्याने गुलामीला न्यायालयात मान्यता देणे बंद केले; तोवर ‘गँजेस’ बांधून बावीस वर्षे झाली होती. लाकडाची किंमत आणि माणसाची किंमत, दोन्ही त्याच मुलखात ठरत होत्या.

जंगलखात्याने शेतकऱ्याचे डोंगर आणि कुरणे कशी गिळली ते जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये लिहिले आहे. तो ग्रंथ आपण जातिव्यवस्थेच्या संदर्भात वाचतो. लाकडाचा इतिहास म्हणूनही एकदा वाचून पाहावा.

दूर मलबारला जाण्याचीही गरज नाही. सध्या आपल्या शहरांत, तालुक्यांत जुने वाडे पाडले जातात. त्यांच्या तुळया आणि खांब जुन्या लाकडाच्या वखारीत येतात आणि त्यातून दिवे, पाट, फुलदाण्या कातल्या जातात. विकताना ‘वाड्याचा शंभर वर्षांचा साग’ असे सांगतात. भाव वाड्याच्या नावाने लागतो. माझे पणजोबा गावकीचे महार. साहेबाच्या तळावर जळण पोचवणे, मढ्यासाठी लाकडे नेणे, बोलावले तेथे ओझे वाहणे ही वतनाची कामे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये त्या वतनाविरुद्ध कायदेमंडळात बिल मांडले. ते वतन गेले १९५८ च्या कायद्याने. आमच्या गावच्या वाड्याच्या तुळया डोंगरातून कोणी खाली आणल्या असतील, याचा अंदाज करण्यास मला दप्तरखान्यात जाण्याची जरूर नाही. पण अंदाज म्हणजे इतिहास नव्हे, हेही मी जाणतो.

म्हणून गेल्या दोन वर्षांपासून मी पदवीच्या विद्यार्थ्यांना एक काम देतो. आपल्या गावातील सर्वांत जुन्या इमारतीतली एक तुळई निवडा आणि ती तेथवर कशी आली ते म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा. बहुतेक जण मालकाचे नाव आणि बांधणीचे साल आणतात. एका मुलीने मात्र आजीकडून ऐकून चार पाने लिहून आणली. तुळई दोरांनी बांधून खांद्यावर घेत, वाटेत एक मुक्काम पडे, विसाव्याचा दगड कोणता ते ठरलेले असे आणि भाकरी घरूनच न्यावी लागे. तिच्या आजीने ओझे वाहणाऱ्यांपैकी चौघांची नावे सांगितली होती. ती तिने वहीत एकाखाली एक, आडनावांसह, शाईने लिहिली आहेत.